सोजरची रांग

सोजर, आज सकाळी एक म्हातारा तुझ्या खिडकीसमोर पाऊण तास उभा होता. काच बंद, आतला दिवा बंद, तुझी खुर्ची टेबलाखाली सारलेली. शेजारची माझी खिडकी मात्र उघडी, मी आत बसलेली आणि माझ्यासमोर चिटपाखरू नाही. मी दोनदा हाक मारली, "बाबा, इकडे या. बिल इथं भरा." त्यानं मान हलवली. "असू द्या. थांबतो आमी. त्या बाई येतील की."

मी म्हटलं, त्या बाई आता नाही येणार.

"सुट्टीवर हायेत व्हय?"

हो म्हणून मोकळी होणार होते. पण खरं सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तुझ्या खिडकीपुढच्या फळीवर ठेवली आणि थोडा वेळ तसाच उघड्या डोक्यानं उभा राहिला. मग टोपी घालून माझ्याकडे आला, बिलाचे पैसे आत सरकवले आणि म्हणाला, "लई चांगली व्हती वं बाई." मी पावती जरा जोरातच फाडली. तुझ्यासाठी टोपी काढणाऱ्या माणसाचा राग येणारी या शहरात मी एकटीच असेन.

तू जाऊन सोळा दिवस झाले आणि अजून रांग तुझीच आहे. आता मी भांडू कुणाशी?

तुला आता सांगायला हरकत नाही. अठरा वर्षं मी तुझ्यावर जळत होते. लोक याला हेवा म्हणतात, पण हेवा हा फार धुतलेला शब्द झाला. माझ्या पोटात दुखायचं. सकाळी दहाला खिडक्या उघडल्या की सुरू व्हायचं ते दोन वाजता डबे उघडेपर्यंत. मग तुझ्या डब्यातला ठेचा मी मागून घ्यायचे, तेव्हा कुठं जरा थांबायचं.

मी दवाखान्यात लागले तेव्हा तो जळगाव रोडवरच्या दोन खोल्यांत होता. डॉक्टर हाडांचे, तरुण होते. समोर मोकळं रान, आणि हर्सूलच्या पुढं यायचं म्हटलं की रिक्षावाले मान फिरवायचे. मी बी.कॉम., टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणी. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून, वडील कोर्टात. आधी कधीतरी आमच्याकडे भिक्षुकी होती, ती सुटली, पण ताठा नाही सुटला. तू फुलंब्रीच्या पलीकडून काळी-पिवळी जीपनं यायचीस, सातवी शिकलेली, फरशी पुसायचीस आणि प्लास्टर भिजवायच्या बादल्या भरायचीस. "मॅडम, पाय वर घ्या," म्हणायचीस आणि मी हिशेबातून मान न काढता पाय वर घ्यायचे. आपली पहिली ओळख ती इतकीच.

आणि चार वर्षांत तू माझ्या शेजारच्या खिडकीत!

मला टायफॉइड झाला नसता तर हे घडलंच नसतं असं मी कितीतरी वर्षं धरून बसले होते. तीन आठवडे मी घरी. डॉक्टरांनी दोन मुली बसवून पाहिल्या, दोघी पळाल्या. मग कुणी मिळेना म्हणून तुला बसवलं. मी परत आले तर भिंत फोडून दुसरी खिडकी काढलेली आणि तू आत, डोक्यावरचा पदर नीट करत. मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ती सातवी पास आहे." डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. म्हणाले, "नलिनीताई, तुम्ही लोकांना बिल देता. ती बिल समजावून सांगते." हे वाक्य मला अजून टोचतं. त्यांना ते आठवतही नसेल.

पण खरं होतं ते. तू बिलावर बोट ठेवून एकेक ओळ सांगायचीस. "हे पलंगाचे. हे पट्टीचे, तुमच्या हाडात बसवली ती. हे भुलीच्या डॉक्टरचे. काय केलं त्यांनी? तुमाला झोपीवलं ना, त्याचे." म्हातारे हसायचे. हसत हसत पैसे द्यायचे! मी बिल सरकवलं की तोच माणूस ते उलटंसुलटं करून माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच त्याचा पाय मोडलाय.

सुरुवातीला तुझी खिडकी रोखीची आणि माझी चेक, कार्ड आणि विम्याची होती. तेव्हा मी मनाची समजूत घालायचे, गावाकडची माणसं रोख आणतात, म्हणून रांग तिकडं. मग डॉक्टरांनी सगळं दोन्ही खिडक्यांवर सुरू केलं. रांग हलली नाही. पुढं मोबाइलवरून पैसे भरायचे दिवस आले. म्हटलं, आता तरी! तो चौकोनी कागद माझ्याही काचेवर चिकटवला, तुझ्याही. कुठंही मोबाइल धरा, पैसे एकाच खात्यात. तरी लोक तुझ्याच रांगेत उभे. एका पोराला मी म्हटलं, "अरे, तोच कागद आहे इथं." तर म्हणतो, "हो, पण मावशीला सांगायचंय पप्पांचं प्लास्टर निघालं म्हणून."

काय करायचं अशा लोकांना?

हाडांच्या दवाखान्याला दुष्काळ वेगळाच दिसतो. पेपरात भेगाळलेल्या जमिनीचे फोटो यायचे, आपल्याकडे मोडलेली मनगटं यायची. टँकर आला की बायका धावायच्या, कुणी पाइप धरायला चढायची, खाली पडायची. गडी माणसं विहिरीचा गाळ काढताना दोरासकट खाली. चारा छावणीत बैलानं लाथ मारलेले. आणि दवाखान्याच्या आजूबाजूला त्याच वर्षांत इमारतीवर इमारत चढत होती. रानात प्लॉटचे दगड लागले, आपला दवाखाना चार मजली झाला, समोर बँकेची शाखा आली. पाणी मात्र आपल्यालाही टँकरचंच. आणि तू रुग्णांच्या बाटल्या आपल्या फिल्टरमधून भरून द्यायचीस. मी एकदा बोलले, "सोजर, हे पाणी दवाखान्यानं विकत घेतलंय." तू बाटलीचं झाकण लावता लावता म्हणालीस, "मग काय मॅडम, तहानलेल्याच्या हातात बिल देऊ व्हय?" तुझी रांग हसली. दिवसभर ते माझ्या डोक्यात होतं.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त खुपली ती बँकेतली खुर्ची.

समोरच्या बँकेत आपल्या कितीतरी रुग्णांची खाती असायची. खातं गावाकडच्या शाखेत, पण बँक तीच, म्हणून पैसे इथंही निघायचे. अडचण सहीची. निम्मे लोक अंगठेबहाद्दर, आणि सही येणाऱ्याचाही उजवा हात प्लास्टरमध्ये. मग डाव्या हाताचा अंगठा. आणि अंगठा म्हटला की बँकेचा नियम: हा माणूस तोच आहे असं बँकेच्या ओळखीतल्या कुणीतरी लिहून द्यायचं. पासबुकावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, त्यात मिशा काळ्या. शहरात त्यांना ओळखणारं कोण? तू. रोज दोन-चार माणसांना घेऊन तू रस्ता ओलांडायचीस, त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवायचीस आणि त्याखाली तुझी ती ठळक, थांबत थांबत काढलेली सही करायचीस. बँकेचे जुने साहेब तुला बघितलं की शिपायाला सांगायचे, "सोजरबाईंना खुर्ची दे." तू एकदा आजारी होतीस म्हणून मी एका म्हातारीला घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, मी तिथली सीनियर. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण सोजरबाई कुठंयत?"

मी तुला विचारलं होतं, आठवतं? डबा खाताना. "तू या लोकांना ओळखतेस कुठं? सकाळी भेटतेस आणि दुपारी सही करतेस."

तू म्हणालीस, "मी त्यांची हीर ओळखते, मॅडम."

तुझं म्हणणं मला तेव्हा कळायला वेळ लागला. तुझ्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की तुमचं बिऱ्हाड निघायचं आणि कन्नडच्या घाटापासून खाली देवगाव रंगारी, इकडं फुलंब्री, गावोगाव शेतांत मेंढरं बसवत फिरायचं. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, दाणे तुम्हाला. त्यामुळं कुठल्या शिवारात कुणाची विहीर, तिचं पाणी गोड की मचूळ, तिच्याकडे जाणारी वाट कुणाच्या बांधावरून, हे तुला पाठ होतं. कुणी गाव सांगितलं की तू तेवढंच विचारायचीस. तुझं म्हणणं, पासबुक चोरणाऱ्याला विहिरीची वाट कशाला ठाऊक असेल? मी म्हटलं, "बँकेच्या कागदावर लिहिलंय, या व्यक्तीस ओळखता काय. विहिरीचं काही लिहिलेलं नाही." तू म्हणालीस, "मग कागद अर्धवट हाय त्यांचा." हे भांडण आपण निदान दहा वेळा केलं असेल. दर वेळी जेवणाची सुट्टी संपायची आणि ते अर्धं राहायचं.

तुझ्या सहीवर निघालेला एकही पैसा कधी भलत्या माणसाकडे गेला नाही. माझं दुखणं तेच तर होतं. एकदा तरी चुकली असतीस!

जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. मी विमा कंपनीचा चेक टाकायला बँकेत गेले होते. नव्या साहेबांनी बसायला सांगितलं, म्हणजे खुर्ची मला मिळाली, पहिल्यांदा. त्यांनी सहज विचारलं, "दवाखान्याचं सगळं व्यवस्थित चाललंय ना आमच्याकडून?" मी म्हटलं, "सगळं उत्तम. एकच सांगते, आमच्याकडची ती बाई अंगठ्यांना साक्ष देते, ती त्या लोकांना आधीपासून ओळखत नसते. सकाळी भेटलेल्या माणसासाठी दुपारी सही करते. उद्या काही झालं तर तुमच्यावर यायचं."

यातला एक शब्द खोटा नव्हता, सोजर. खोटं बोलले असते तर निदान पश्चात्ताप तरी सरळ झाला असता.

पुढच्याच आठवड्यात देवगाव रंगारीची ती म्हातारी आली. टँकरजवळ पडून उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलेलं. हात कापडाच्या झोळीत, सोबत सून. मनगटात पट्टी बसवायची होती, पट्टी आणणारा आधी पैसे घ्यायचा, आणि पैसे होते तिच्या खात्यात. शेळ्या विकल्याचे आणि दुष्काळी अनुदानाचे. तू तिला घेऊन रस्ता ओलांडलास. अर्ध्या तासात दोघी परत आलात. मी काचेतून बघत होते. तू बँकेत उभी होतीस म्हणे. सहा वर्षांत पहिल्यांदा उभी. साहेबांनी सांगितलं, तुमची साक्ष चालणार नाही, गावचा जबाबदार माणूस आणा.

म्हातारी आपल्या बाकावर बसली आणि तुला म्हणाली, "अगं, तू तं वळखती ना मला? माझा बाप तुमच्या मेंढरांला पाणी देत व्हता."

तू म्हणालीस, "वळखते की मावशे. बँक मला वळखत नाय आता."

तीन दिवस ती म्हातारी त्या बाकावर होती. हात सुजून ढोल झालेला. डॉक्टर गोळ्या देत होते, सून सारखी फोन करत होती. तिसऱ्या दिवशी गावचा ग्रामसेवक एसटीनं आला, त्यानं सही दिली, मग पट्टी आली, मग ऑपरेशन. त्या तीन दिवसांत तिचं कण्हणं माझ्या खिडकीत थेट ऐकू यायचं. मी काच लावून घेतली तर तू बाहेरून टकटक करून म्हणालीस, "मॅडम, गुदमराल ना आत." तुला खरंच माझी काळजी होती की टोमणा होता, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

त्यानंतर एकदा विचारलंस तू. पावसाळा कोरडा चालला होता, रांग नव्हती, दोघी आपापल्या खिडकीत. मधल्या फटीतून म्हणालीस, "मॅडम, नव्या सायबाच्या कानावर कुनी घातलं असंल वं?"

मी म्हटलं, "कोण जाणे. बँकेचे नियमच बदललेत सगळीकडे."

तू "व्हय" म्हणालीस. त्या "व्हय"ला दहा वर्षं झाली आणि या दहा वर्षांत असा एक आठवडा गेला नसेल की मी तुझ्याकडे बघून मनात म्हटलं नसेल, हिला माहीत आहे का? तू ठेचा वाढायचीस तेव्हा वाटायचं, नाही माहीत. "मॅडम, बँकेत जाऊन येता का? तुमाला मान हाय तिथं," म्हणायचीस तेव्हा वाटायचं, पुरतं माहीत आहे.

कारण बँकेची कामं मग माझ्याकडेच आली. ती खुर्चीही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही, त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि बसलं की ती डुगडुगायची. सहा वर्षं तू तिच्यावर बसून कधी बोलली नाहीस. आणि बँक मिळाली तरी रांग नाहीच मिळाली! अंगठ्याला साक्षीदार नाही म्हटल्यावर लोकांचे हाल व्हायचे, पण ते हाल सांगायलासुद्धा तुझ्याच खिडकीवर यायचे. तू त्यांना ग्रामसेवकांचे फोन लावून द्यायचीस. कुणाकुणाचे नंबर तुझ्या त्या वहीत होते कोण जाणे.

उपकारही आहेत तुझे, आणि तेही मी नीट घेतले नाहीत. तो प्लॉटिंगवाला आठवतो? विम्याचे पैसे कापून आले म्हणून त्यानं अख्खी फाइल माझ्या तोंडावर भिरकावली होती. तू तुझ्या खिडकीतून उठून बाहेर गेलीस, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिलीस. "मॅडमच्या अंगावर कागद फेकायचा नाय. फेकायचा तं माझ्यावर फेका, मला त्यातलं इंग्लिश वाचता येत नाय." माणूस खाली बसून कागद गोळा करायला लागला. मला तुझा हात धरावासा वाटला होता. पण सगळी रांग तुझ्याकडे कौतुकानं बघत होती, तेवढ्यानं माझा हात तिथंच राहिला.

तू गेलीस रविवारी. सोमवारी सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला, छातीत दुखलं, गाडी मिळेपर्यंत संपलं. मी तुझ्या गावाला पहिल्यांदा आले, सोजर, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटत होतं फार लांब असेल. आता काय लांब? चौपदरी रस्ता, दोन्हीकडे प्लॉटच्या कमानी, शहर तुझ्या ओसरीला येऊन टेकलंय. तुझे मालक मी तिथंच पहिल्यांदा पाहिले. मेंढरं कधीच विकली म्हणाले, पाण्यावाचून ठेवणार कुठं? आता ते रो-हाउसच्या कामावर वॉचमन आहेत. ज्या शेतांत ते मेंढरं बसवायचे, त्याच जागेवर काठी घेऊन खुर्चीत बसतात. डोळ्यांत पाणी नव्हतं त्यांच्या. "तुमी मॅडम ना?" एवढंच म्हणाले.

काल ते दवाखान्यात आले. तुझं पगाराचं खातं बंद करून पैसे काढायचे होते. वारस म्हणून नाव त्यांचं होतं, पण सही येत नाही. मी त्यांना घेऊन रस्ता ओलांडला. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा अंगठा घेतला, मग कागद माझ्याकडे फिरवला. "मॅडम, तुम्ही यांना ओळखता ना? इथं सही करा. आणि इथं, किती वर्षांपासून ओळखता ते."

मी पेन हातात धरून बसले. दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेला माणूस. मनात म्हटलं, यांची विहीरही मला माहीत नाही. मी सही केली आणि पुढं लिहिलं, बावीस वर्षं. मुलीनं वाचलंसुद्धा नाही, शिक्का मारला.

बाहेर आलो. पलीकडच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. मला राहवेना. मी विचारलं, "सोजर घरी कधी काही बोलली का? बँकेत तिची साक्ष बंद झाली, ते कुणामुळं?"

ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "तुमच्यामुळं. त्याच दिवशी कळलं तिला. शिपायानं सांगितलं."

मग सगळा वेळ तुला माहीत होतं. ठेचा वाढताना. गुदमराल म्हणताना. सगळा वेळ. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "काय म्हणाली?"

"लई शिव्या दिल्या तुमाला."

"कोणत्या?"

ते लाजले. "बाईमाणसापुढं नाय सांगता येणार."

आणि मला हसू आलं, सोजर! भर रस्त्यात. दहा वर्षं मी तुझी क्षमा गृहीत धरून तिच्या ओझ्याखाली वाकत होते आणि तू मला घरी बसून मेंढपाळाच्या शिव्या देत होतीस. इतकं बरं वाटलं की रडायलाच आलं. ते बिचारे घाबरले. समजूत घालायची म्हणून म्हणाले, "पर जळायची बी तुमच्यावर."

मी म्हटलं, "माझ्यावर? कशासाठी?"

"तुमी फोनवर त्या कंपनीला इंग्लिशमधी झापायच्या ना, ते ऐकून यायची. मंग घरी मोबाइल कानाला लावून तसंच बोलायची. येत काय व्हतं तिला? नो, नो, फाइल सेंड केलेली हाय, इतकंच. पोरं हसायची, ती नाय हसायची. म्हणायची, माझी सगळी रांग घ्या अन् मला तेवढं द्या."

त्यांना काळी-पिवळीत बसवून दिलं आणि मी परत खिडकीत येऊन बसले. विमा कंपनीला फोन लावायचा होता, लावला. बोलताना आवाज आपोआप चढला, आणि मी तुझ्या बंद काचेकडे बघत बोलत राहिले. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, यू आर शाउटिंग."

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की शेवटी लिहायचं, अगं वेडे, सांगायचंस ना, डब्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास बसून मी तुला इंग्रजी शिकवलं असतं. चांगलं वाटतं वाचायला. पण तुझ्याशी एकदा खोटं बोलून झालंय आणि तू ते दहा वर्षं ओळखून होतीस. म्हणून खरं सांगते. नसतं शिकवलं, सोजर. तू हात जोडले असतेस तरी मी काहीतरी काम काढून उठले असते. ते एकच तर तुझ्याकडे नव्हतं.